प्रमाणपत्रानंतर काय? माहिती तंत्रज्ञान, आजीवन शिक्षण आणि परतीचा रस्ता



आजचा विषय कागदावर फार भारदस्त दिसतो: माहिती तंत्रज्ञानातल्या आजीवन शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य. असे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे परिषदा, करार, हस्तांदोलनाचे फोटो येतात. विंचूरसारख्या गावात, एका बाजूला लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा असताना, या शब्दांचा अर्थ काय लागतो ते आपल्याला बघायचंय. आम्हाला वाटतं, अर्थ लागतो, आणि तो पैशाच्या भाषेतही लागतो.

आधी एक कसोटी ठरवू. सहकार्य म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारा रस्ता. तिकडून इकडे अभ्यासक्रम आला, सॉफ्टवेअर आलं, नियम आला, तर ती झाली आवक. इकडचा प्रश्न, इकडची अडचण, इकडची भाषा तिकडे पोहोचली आणि तिथे काही बदललं, तर त्याला सहकार्य म्हणायचं. आणि आजीवन शिक्षण म्हणजे काय? शिकणारा माणूस दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्यांदा येतो, कारण काळ बदलला की त्याला पुन्हा शिकायची गरज पडते आणि दार उघडं असतं. या दोन प्रश्नांवर आपल्या ओळखीची उदाहरणं घासून बघू.

पहिलं उदाहरण प्रमाणपत्राचं. फिनलंडमध्ये १९८८ साली एक गंमतीदार कल्पना निघाली: संगणक चालवण्याचा परवाना. गाडी चालवायला लागतो तसाच. पुढे ती युरोपभर पसरली आणि १९९७ मध्ये डब्लिनला तिच्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. शब्दसंस्करण, तक्ते, सादरीकरण, इंटरनेट असे ठरलेले भाग, प्रत्येकाची परीक्षा, आणि शेवटी हातात दाखला. असाच साचा जगभर दिसतो. आपल्याकडे २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी घरोघरी पोहोचलं. आजवर एक कोटीहून जास्त लोकांनी हा कोर्स केलाय. ही साधी गोष्ट नाही. तालुक्याच्या ठिकाणी, बाजारपेठेच्या गावात, गाळ्यात आठ-दहा संगणक मांडून केंद्रं चालली आणि घरात कधी कीबोर्ड न पाहिलेल्या मुलींनी तिथे पहिल्यांदा माऊस हातात धरला. नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी मान्य करावं.

पण कसोटी लावली की अडचण दिसते. एमएस-सीआयटी सरकारी नोकरीची अट झालं. ठरलेल्या मुदतीत परीक्षा दिली नाही म्हणून कर्मचाऱ्यांच्या पगारवाढी अडकल्या, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. अट झाली की माणूस अट पूर्ण करतो आणि फाईलमध्ये लावतो. अभ्यासक्रम मागाहून बदलत गेला, तो नव्याने येणाऱ्यांसाठी. जो २००४ साली पास झाला, त्याला २०१६ साली यूपीआय आल्यावर कोणी परत बोलावलं का? ओटीपी विचारणारा फोन खरा की खोटा, हे त्याला कोणी शिकवलं? तिकडच्या कल्पनेत 'परवाना' हा शब्द होता. परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्याकडे परवाना म्हटलं नाही, प्रमाणपत्र म्हटलं. जन्माच्या दाखल्यासारखं, एकदाच काढायचं. आजीवन शिक्षणातला 'आजीवन' तिथेच गळाला.

आता दुसरं उदाहरण, आणि हे आपल्या शिवारातलं आहे. ग्रेपनेट. द्राक्ष युरोपला पाठवायचं तर अपेडाची ही संगणकीय नोंद-व्यवस्था टाळता येत नाही. २००६ पासून ती चालू आहे. बागायतदाराचा प्लॉट नोंदवला जातो, त्याला क्रमांक मिळतो, नोंदणीचं नूतनीकरण होतं, फवारण्यांची नोंद ठेवावी लागते, प्रयोगशाळा नमुना घेऊन अंश तपासते आणि निकाल व्यवस्थेत चढवते. युरोपातल्या दुकानातली पेटी मागे मागे शोधत निफाड तालुक्यातल्या एखाद्या प्लॉटपर्यंत आणता येते. आम्ही मोठ्या गांभीर्याने म्हणतो, भारतातल्या शेतकऱ्याला माहिती तंत्रज्ञान शिकवणारी सगळ्यांत परिणामकारक शाळा एखाद्या वर्गात भरली नाही, ती या निर्यातीच्या सक्तीतून भरली. नोंदवहीची शिस्त, अंशाची भाषा, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ हे शब्द बांधावर आले ते यातून.

मग २०१० चा हंगाम आठवा. युरोपात द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. आपण ज्याला सीसीसी म्हणतो तेच, वेलीची वाढ आवरायला वापरतात ते. तिकडची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, भाव पडले, पैसे अडकले. ज्यांनी नोंदणी केली होती, वही ठेवली होती, तपासणीचा अहवाल ज्यांच्या हातात होता, त्यांचाही माल अडकला. कारण आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. यादीत नाही म्हणून प्रयोगशाळेने पाहिलं नाही, आणि प्रयोगशाळेने पाहिलं नाही म्हणून शेतकऱ्याला कळलं नाही. नंतर ते यादीत आलं, पण फटका बसून गेल्यावर.

यात तंत्रज्ञान नापास झालं असं आम्ही म्हणत नाही. व्यवस्था ज्या कामासाठी बांधली ते काम तिने केलं. शेतकऱ्याबद्दलची सगळी माहिती तिने युरोपला दिली. युरोपबद्दलची माहिती शेतकऱ्याला द्यायचं काम तिच्याकडे सोपवलंच नव्हतं. आपला प्लॉट तिकडे आरपार दिसत होता आणि तिकडचा नियम इकडे धुक्यात होता. परतीचा रस्ता नसेल तर काय होतं, याची किंमत त्या वर्षी बागायतदाराने स्वतःच्या खिशातून मोजली. म्हणून सुरुवातीला म्हटलं, या विषयाचा अर्थ पैशाच्या भाषेतही लागतो.

तिसरं उदाहरण जरा आशेचं. तुमच्या मोबाईलवर 'ॲप' हा शब्द लिहून बघा. त्यातला 'ॲ' हे मराठीला लागणारं अक्षर. यात आम्ही बसलेला आ नाही, अ वर अर्धचंद्र आहे. जगातली सगळी लिपीचिन्हं ज्या एका मानकात बसवली आहेत, त्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. मराठीची गरज होती, ती मांडली गेली आणि जागतिक मानक बदललं. आज जगात कुठेही बनलेल्या फोनवर ते अक्षर उमटतं. अक्षर एकच, पण रस्ता इकडून तिकडे गेला. आमच्या कसोटीला हे सहकार्य उतरतं.

त्याच जातीचं काम मुक्त सॉफ्टवेअरचं. लिबरऑफिस बघा. २०१० मध्ये ते सुरू झालं, त्याचं प्रतिष्ठान जर्मनीत आहे, लिहिणारे हात अनेक देशांतले, आणि त्याचा पडदा मराठीतही मिळतो, कारण मराठी माणसांनी बसून शब्द बसवले. ते शिकवायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. साधारण दहा मिनिटांचे धडे, निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत, फुकट. शिक्षक शेजारी नसला तरी एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा सराव, अशी त्यांची रचना आहे. द्राक्षाची छाटणी संपवून रात्री नऊला बसणाऱ्यालाही चालेल असं शिक्षण, आणि परत यायला कोणाची परवानगी नको.

तरी टीका करायचीच तर इथेही जागा आहे. निवेदन मराठी, पण पडद्यावरचं सगळं इंग्रजी. हे जाणूनबुजून ठेवलंय, नोकरीच्या ठिकाणी पडदा इंग्रजीच असणार म्हणून. शहरात नोकरी शोधणाऱ्या मुलाला ते पटेल. पण ज्याला नोकरी करायची नाही, स्वतःच्या बागेचा हिशेब ठेवायचाय, त्या पन्नाशीच्या माणसाला काय? त्याच्यासाठी लिबरऑफिसचा मराठी पडदा आधीच तयार आहे. धडा त्या पडद्यावर का बनू नये? सगळे शिकणारे म्हणजे उमेदवार, ही समजूत चांगल्या उपक्रमांतही घुसून बसलेली असते.

ही समजूत बाजूला ठेवता येते, हे दाखवणारं एक काम तामिळनाडूत झालं. राष्ट्रकुल देशांनी १९८७ मध्ये व्हँकुव्हरच्या बैठकीत दूरशिक्षणासाठी एक संस्था काढायचं ठरवलं, तीच कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग. या संस्थेने २००४ च्या सुमारास 'शेतकऱ्यांसाठी आजीवन शिक्षण' हा कार्यक्रम तामिळनाडूत उभा केला. तेनी जिल्ह्यात शेळ्या पाळणाऱ्या बायका, त्यांची संघटना, बँक आणि कृषीतज्ज्ञ एकत्र आले आणि धडे फोनवर, आवाजात, तमिळमधून गेले. प्रमाणपत्र हा तिथे मुद्दा नव्हता. शेळी जगते का आणि कर्ज फिटतं का, हा मुद्दा होता. परदेशी संस्था होती, पण प्रश्न तेनीच्या बायांचे होते.

आणखी एक तुलना करू. २०१८ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाने एका कंपनीबरोबर कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून देणारा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. पुढच्या वर्षी युरोपीय संघाचं अध्यक्षपद फिनलंडकडे असताना त्यांनी तो संघाच्या सगळ्या अधिकृत भाषांत आणायचं जाहीर केलं. त्यांतल्या माल्टीजसारख्या भाषा बोलणारे लोक आपल्या नाशिक शहराच्या लोकसंख्येहून कमी आहेत. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होते. भाषांतर लोकसंख्येवर होत नाही. ते राज्याने आपलं काम मानलं की होतं.

मग आपण मागायचं काय? नुसती टीका करून घरी जाणं बरं नाही. आम्ही तीन गोष्टी मांडतो.

एक. ज्यांनी एकदा प्रमाणपत्र घेतलं, त्यांना दर काही वर्षांनी मोफत, छोटा, परीक्षेशिवायचा उजाळा मिळावा. केंद्रं आहेत, यादी आहे, फक्त बोलावणं नाही.

दोन. युरोपात अंशमर्यादा बदलली की नोंदणी केलेल्या प्रत्येक बागायतदाराच्या फोनवर मराठीत, आवाजात, लगेच निरोप यावा. त्याचा नंबर व्यवस्थेकडे आहेच. आणि तिकडे आयातदाराशी किंवा सरकारशी बोलणी होतात, तेव्हा माहिती परत देणं ही त्यांचीही जबाबदारी धरावी.

तीन. नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आहे. परदेशी विद्यापीठाशी करार करताना आपल्या संस्थांनी पहिली अट ही घालावी की अभ्यासक्रम मराठीत आणायचा आणि बदलायचा हक्क आपल्याला हवा. नुसता वापरायचा हक्क म्हणजे पुन्हा आवकच.

यांतली एकही मागणी फार खर्चाची नाही. दुसरी तर या ऑक्टोबरच्या छाटणीआधी सुरू होऊ शकते. प्रश्नोत्तरात तुमच्यातल्या निर्यातदार बागायतदारांनी सांगावं, गेल्या हंगामात बदललेला नियम तुम्हाला कोणाकडून कळला आणि फवारणीच्या आधी कळला की नंतर. आपण ते सगळं लिहून घेऊ आणि संबंधितांना पाठवू.