दिवे लागल्यावर

अनुबोधपट म्हणजे काय हे आमच्या पिढीला फिल्म्स डिव्हिजनने शिकविले आणि त्याचा कंटाळा करावयालाही तिनेच शिकविले. मुख्य बोलपटाआधी पडद्यावर धरणे, पूर आणि फिती कापणारे मंत्री दिसू लागले, की आम्ही शेंगदाणे आणावयास बाहेर पडत असू. त्यामुळे २००४ च्या हिवाळ्यात, साताऱ्यातील एका वाचनालयात आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ दाखविणार असल्याचे कळले, तेव्हा मी गेलो तो केवळ चिटणिसांच्या भिडेने. माळ्याच्या खोलीत पांढरी चादर ताणलेली, यंत्र भाड्याने आणलेले, आणि खाली साठ-सत्तर माणसे. निम्मे तरी फौजेतून निवृत्त झालेले. आमचा जिल्हाच तसा आहे. अपशिंग्याला लोक गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ जोडूनच ओळखतात.

हा अनुबोधपट २००२ मध्ये पुरा झाला. मे १९९८ मध्ये आपण पोखरणला अणुचाचण्या केल्या, त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने केल्या. तेथून पुढची काही वर्षे पटवर्धन कॅमेरा घेऊन भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका असे फिरले. सेन्सॉर बोर्डाने आधी थोडी आणि मग बरीच कापाकापी सुचविली. अखेर २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही तुकडा न कापता तो दाखविण्यास मोकळीक दिली. ही हकीकत चिटणिसांनी इतक्या विस्ताराने सांगितली, की दोनदा चहा झाला.

आरंभ गांधींच्या हत्येपासून होतो. निवेदन स्वतः दिग्दर्शकाचे, आणि प्रथमपुरुषी. ही त्या कृतीची मोठी जमेची बाजू आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या त्या भारदस्त, कोणाच्याच नसलेल्या आवाजापेक्षा येथे एक माणूस आपल्याशी बोलत असतो. चाचणीच्या जागेजवळच्या खेतोलाईचे गावकरी, जादूगोडाच्या युरेनियमच्या खाणींभोवतीची माणसे, हिरोशिमाचे वृद्ध साक्षीदार यांना तो बोलू देतो, घाई करीत नाही. पण जल्लोष करणारे लोक दाखविताना त्याचा सूर बदलतो. तेथे मिठाई दिसते, फटाके दिसतात, घोषणा ऐकू येतात. त्या माणसाला काय वाटत होते ते दिसत नाही. त्याचे हसे होते आणि कॅमेरा पुढे जातो. मला हा दोष लहान वाटत नाही. ज्याचे मन वळवावयाचे, त्यालाच दाराबाहेर उभे करण्यासारखे ते आहे.

आणि मग लाहोरच्या मुलींच्या शाळेचा प्रसंग येतो. मुली वर्गात अण्वस्त्रांच्या बाजूने भाषणे करतात. हात उंचावून, आवाज चढवून, टाळ्या कोठे पडणार हे अचूक हेरून. पुढे दिग्दर्शक त्यांच्याशी साध्या गप्पा मारू लागतो, तेव्हा तो आवेश कोठल्या कोठे जातो. आपण बोललो ते आपल्याला खरोखर पटते का, या प्रश्नाशी त्या थबकतात, हसतात, एकमेकींकडे पाहतात. अवघ्या अनुबोधपटात याहून खरे काही नाही, आणि ते निवेदनाने साधलेले नाही.

हा प्रसंग मी निर्विकारपणे पाहू शकलो नाही, त्याचे कारण सांगितले पाहिजे. शाळेत मी पंचवीस वर्षे मुलांना वक्तृत्व शिकविले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये एका स्पर्धेसाठी नववीतील एका मुलीला मी ‘अणुशक्तिसंपन्न भारत’ या विषयावर भाषण लिहून दिले होते. कोठे थांबावयाचे, कोठे मूठ आवळावयाची, सारे शिकविले. फिरती ढाल आमच्या शाळेला मिळाली आणि ती वर्षभर मुख्याध्यापकांच्या कपाटावर होती. त्या मुलीला स्वतःला काय वाटते, हे विचारावयाचे मला सुचले नव्हते.

दिवे लागले. कोणी बोलेना. मग एक निवृत्त सुभेदार उठले. “पिक्चर लांबला, पण खोटा न्हाई,” ते म्हणाले. “आता माझं ऐका. चाचणी झाली तवा पेढे मीबी वाटले. भीती वाटत व्हती म्हणून वाटले. समोरच्यानं आधी केला तर काय, ही भीती. ह्या सायबांनी मला इचारलं असतं, तर सांगितलं असतं.” जे पडद्यावर नव्हते ते या चार वाक्यांत आले. माझ्या मते अशा अनुबोधपटाचा उत्तरार्ध सभागृहातच व्हावयास हवा. घरी एकट्याने पाहणाऱ्यास तो अर्धाच मिळतो. पुढे तासभर बोलणे चालले. पुष्कळसे भांडण होते, थोडे मुद्द्याला सोडूनही. कारगिलचा विषय निघाला तेव्हा आवाज फार चढले. अखेरीस मागच्या रांगेतील एक बाई, ज्यांचा मुलगा तेव्हा सीमेवर होता, एवढेच म्हणाल्या, “त्या पोरींच्या वर्गातला फळा आपल्यासारखाच हाय की वो. आता कुठं असतील त्या?” यावर कोणालाच उत्तर देता आले नाही.

गेल्या वर्षी तोच अनुबोधपट त्याच खोलीत पुन्हा दाखविला. चादरीच्या जागी आता पडदा आहे. सुभेदार हयात नाहीत. तरुण मंडळी बरीच होती; त्यांना पोखरण पुस्तकातच भेटलेले. त्यांची चर्चा नेटकी झाली, पण सुभेदारांच्या त्या भीतीची ऊब तिच्यात नव्हती.

निघताना जिन्यात एका बाईंनी वाकून नमस्कार केला. बरोबर नववीतला मुलगा. मी ओळखले नाही. “सर, ढाल,” त्या म्हणाल्या, तेव्हा ओळखले. लाहोरचा प्रसंग पाहून आल्यावर तिच्यापुढे उभे राहणे मला जड गेले. मी काही बोलण्याआधीच ती हसून म्हणाली, “अजून पाठ आहे, सर,” आणि जिन्यातच, मुलासमोर, तिने सुरुवात केली. दोन वाक्ये खणखणीत आली. मूठसुद्धा योग्य जागी आवळली गेली. तिसरे वाक्य तिला आठवेना. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला ते आठवत होते. मी मुलाला विचारले, “तुला काय वाटते रे?”

तो म्हणाला, “कशाबद्दल?”