कातड्यावरील नक्षी आणि घरगुती ठसे

कलेच्या चर्चेंत जिचें नांव सहसा निघत नाहीं, अशा कारागिरीपैकीं घरगुती ठशांनीं कातड्यावर उठविलेली नक्षी ही एक होय. जुन्या खिळ्याचें डोकें कानशीनें घांसून त्याला आकार द्यावा, तें ओलसर कातड्यावर उभें धरावें आणि वरून लांकडी मोगरीचा एक ठोका द्यावा, इतकेंच हिचें भांडवल. पुस्तकांचीं वेष्टनें, पैशांचीं पाकिटें, चष्म्यांचीं घरें असलें हौशी काम सुशिक्षित कुटुंबांतून आम्ही पुष्कळ पाहिलें आहे. त्यांतील बरेंचसें फसलेलें असतें. परंतु तें हत्यारांच्या दारिद्र्यामुळें नव्हे, तर त्या दारिद्र्याची करणाऱ्याला लाज वाटते म्हणून, असें आमचें मत आहे.

प्रथम द्रव्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. ठसा नीट धरतें तें बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या रसांत कमावलेलें कातडें. क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलें मऊ कातडें दाबलें तरी पुन्हां वर येतें. झाडसालीच्या कातड्यालाही पाण्याचें प्रमाण नेमकें लागतें. भिजविल्यावर तें काळसर होतें. तो काळसरपणा ओसरून मूळचा रंग परतूं लागला, पण हाताला गारवा अजून लागतो आहे, ती वेळ ठोका देण्याची. त्याआधीं ठोकल्यास रेषा बुजतात, फार उशीर केल्यास धड उमटत नाहींत. आणखी एक गंमत आहे. उघडें लोखंड ओल्या कातड्यावर राहिलें तर निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वीं शाई करीत, तोच हा रासायनिक व्यवहार. निष्काळजी माणसाच्या कामावर लोखंड आपली सही करून जातें! पितळी स्क्रूचें डोकें त्या मानानें निर्धोक.

आतां मूळ मुद्दा. चार खिळे हातीं आले कीं हौशी माणूस मोर काढावयास बसतो. कागदावरून मोराची आकृति उतरवितो आणि खिळ्याच्या ठिपक्यांनीं ती भरून काढतो. मोर तर साधत नाहींच, पण ठिपकेही वायां जातात. खिळा म्हणजे लेखणी नव्हे. त्याला एकच अक्षर येतें. मात्र तें अक्षर ओळीनें, अंतर राखून, एकाआड एक उलटें करून लिहिलें म्हणजे त्यांतून जी लय उत्पन्न होते, ती उसन्या मोरांत कोठून येणार? अर्धचंद्र एकमेकांवर चढविले कीं खवले होतात. तेच उलटसुलट मांडले कीं वेल चालूं लागते. युरोपांतील जुने पुस्तकबांधणीकार हें जाणून होते. १२ व्या शतकांतील त्यांचीं कित्येक वेष्टनें लहान लहान ठशांच्या रांगांनीं सजलेलीं आहेत. पुढें एकाच मोठ्या ठशानें सबंध वेष्टन एका दाबांत उठविण्याची सोय झाली. काम लवकर होऊं लागलें, चित्रेंही आलीं, पण आमच्या दृष्टीनें पाहण्यासारखें कमी उरलें.

अर्थात् यासाठीं युरोपाकडेच पाहिलें पाहिजे असें नाहीं. कोल्हापुरी चपलेवरील वेणी, छिद्रें आणि ठशांच्या ओळी पाहाव्या. चित्र होण्याचा हव्यास त्यांत नाहीं. २०१९ सालीं या चपलेला महाराष्ट्र व कर्नाटक यांतील जिल्ह्यांसाठीं भौगोलिक मानांकन मिळालें. २०२५ च्या जूनमध्यें मिलान येथील एका फॅशन प्रदर्शनांत तसलेच जोडे मूळ स्थळाचा उल्लेख न करतां मिरविले गेले, तेव्हां आपल्या घरांतून केवढा संताप उसळला! तो रास्तच होता. पण त्याच घरांत मुलीनें ठोकलेलें पाकीट ‘कला’ म्हणून कपाटांत मांडलें जातें, आणि चर्मकाराशीं मात्र दहा रुपयांसाठीं घासाघीस चालते. ज्या द्रव्याला शिवणें आपल्या समाजानें शतकानुशतकें कमीपणाचें मानलें, तें आतां छंद म्हणून हातीं घेतांना त्याच्या जाणकारापुढें शिष्य म्हणून बसण्याची तयारी नसते.

याचा परिणाम नक्षीवर होतो, आणि टीकाकार म्हणून आम्हांला त्याचेंच कर्तव्य आहे. हौशी कामाचे कोपरे पाहावे. ओळ कोपऱ्याशीं आली कीं शेवटचा ठसा अर्धवट कापला जातो, किंवा दोन ठसे दाटीनें कोंबलेले दिसतात. जाणता कारागीर कोपऱ्यांतील ठसा प्रथम मारतो आणि मग मधलें अंतर वांटून घेतो.