चिमणीतून चिमण्या: कोलाजमधला सांधा कसा वाचायचा?

पीएचडीच्या मुलाखतीत "अतिवास्तववाद म्हणजे काय?" असं विचारलं की आपण "स्वप्नासारखं, विचित्र चित्र" म्हणून मोकळे होतो. पण या व्याख्येने काहीच तपासता येत नाही.

कोरपन्यातल्या काही मुलांनी जुनी वर्तमानपत्रं, कॅलेंडरं कापून केलेली फोटो-कोलाजं नुकतीच पाहिली. बरीचशी एकाच वळणाची: ढगात मासा, धडावर डोक्याऐवजी घड्याळ. गंमत वाटते, पण मासा काढून तिथे बूट चिकटवला तरी चित्राचं काही बिघडत नाही. तिथेच ती फसतात.

एक मात्र डोक्यातून जाईना. कपाशीच्या वावरात सिमेंट कारखान्याची चिमणी, आणि तिच्या तोंडातून धुराऐवजी चिमण्या उडतायत. गडचांदूर-आवारपूर पट्ट्यात कापूस आणि कारखाना दोन्ही रोजचेच. पण इथला सांधा कात्रीने नाही, मराठी शब्दाने जुळवलाय. इंग्रजीत हे चित्र अर्धं होतं. शब्दाच्या दुहेरी अर्थावरून स्वप्न एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतं, हे फ्रॉइडने स्वप्नांवरच्या १९०० सालच्या ग्रंथात दाखवलं होतं. अतिवास्तववाद्यांनी त्याच्याकडून पुष्कळ घेतलं.

आता तुलना करू. माक्स अर्न्स्टने एकोणिसाव्या शतकातली छापचित्रं कापून १८२ कोलाजांची चित्रकादंबरी केली (१९३४). त्यात सांधे लपवलेत, म्हणून पक्ष्याच्या डोक्याचा माणूस आपण आधी खरा मानतो आणि मग दचकतो. आपले प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) रंगवतात, कापत नाहीत; तरी त्यांच्या वस्तू सुट्या असतात, मधे मोकळी जागा. तिथे सांधा पाहणाऱ्याने जुळवायचा. म्हणून बरव्यांवर 'अतिवास्तववादी' असा शिक्का मारायची घाई नको.

आणि चिमण्यांचं कोलाज? आवडलं, पण एक तक्रार आहे. धुराच्या जागी गोड चिमण्या आल्या आणि धूळ चित्रातून गायबच झाली. बोंडं पांढरीशुभ्र! शब्दाने जे उघडलं, तेच शब्दाने झाकलंही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना "काय विचित्र आहे?" हा प्रश्न सोडा. त्याऐवजी विचारा: सांधा कशाने धरलाय, कात्रीने, शब्दाने की मोकळ्या जागेने? आणि त्या सांध्याखाली काय झाकलं गेलं? या दुसऱ्या प्रश्नापासून खरं संशोधन सुरू होतं.