सोपाऱ्याचा ढिगारा आणि आपली प्रवासवर्णने

आपल्या समाजात प्रवासवर्णनांचा सध्या मोठा सुकाळ आहे. पवित्र भूमीची किंवा संत पौलाच्या मार्गाची यात्रा करून आलेला बांधव घरी परतला की चार पाने लिहितो, आणि आपली नियतकालिके ती अगत्याने छापतात. अशी काही वर्णने आम्ही अलीकडे सलग वाचून काढली. त्यांपैकी बहुतेकांत करिंथ हे प्राचीन ग्रीक नगर येतेच. तेथे अमेरिकन अभ्यासकांनी १८९६ पासून उत्खनन केले, बाजारपेठ उघडी केली, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात ज्या न्यायासनापुढे पौलाला गल्लियोसमोर उभे केल्याचे सांगितले आहे, तो चौथरा दाखवून दिला. इतके असूनही आपल्या लेखकांचे करिंथ एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाही. बस थांबते, मार्गदर्शक बोलतो, डोळे पाणावतात, छायाचित्र निघते आणि बस पुढच्या मुक्कामाला लागते.

ह्या लेखनात भक्ती कमी आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कमी आहे ते पाहणे. चौथरा किती उंच, दगड कोणता, तो कोणी व कसा ओळखला, हे प्रश्न लेखकाला पडतच नाहीत. अवशेषापुढे उभे राहिल्यावर त्याच्याजवळ दोनच सूर असतात : एक गतवैभवाच्या विलापाचा, दुसरा अभिमानाचा. वसईच्या किल्ल्यावरील आपले लेखनही बव्हंशी ह्याच दोन सुरांत अडकले आहे.

पाहणे शिकण्यासाठी ग्रीसला जाण्याची गरज नाही. आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटीत राहतो. आमच्या एका अंगाला कल्याण आहे आणि घोडबंदरच्या रस्त्याने गेले की दुसऱ्या अंगाला सोपारे. ही दोन्ही नावे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक पुस्तकात आहेत. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकाचा कर्ता अज्ञात आहे. तो व्यापारी असावा. सोपाऱ्याचे तो नुसते नाव घेतो. कल्याणविषयी सांगतो की पूर्वी येथे रीतसर व्यापार चाले, पुढे सत्ता बदलली, बंदरावर निर्बंध आले, आणि आता चुकून तेथे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. येथे ना विलाप आहे, ना अभिमान. तरीही पकडलेल्या जहाजावरच्या खलाशाची धास्ती आपल्यापर्यंत पोहोचते. कामाची माहिती नेटकी दिली की भावना आपोआप तिच्या मागून येते, हा ह्या रुक्ष पुस्तकाचा धडा आहे.

दुसरा धडा पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांचा. जुनागढचा हा विद्वान डॉ. भाऊ दाजी ह्यांच्याकडे तयार झाला. इंग्रजी शाळा-कॉलेजाचे शिक्षण नसतानाही त्याने शिलालेखांच्या वाचनात युरोपीय पंडितांची मान्यता मिळवली. १८८२ मध्ये त्यांनी सोपाऱ्यातील ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचा ढिगारा उकरला. गावाला तो कुणा राजाचा किल्ला वाटे. निघाला तो बौद्ध स्तूप. त्याच्या पोटात एक दगडी करंडक होता आणि त्यात आठ लहान कांस्य मूर्तींच्या मधोमध तांब्याची डबी. तांब्याच्या आत चांदीची, चांदीच्या आत दगडाची, तिच्या आत स्फटिकाची आणि अगदी आत सोन्याची. सोबत सोन्याची फुले व यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. सोन्याच्या डबीत काय निघाले? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे.

हे सारे भगवानलालांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तान्तात क्रमाने मांडले आहे : बाहेरून आत, थरामागून थर. आमच्या मते साहित्य म्हणूनही हा वृत्तान्त वाचण्याजोगा आहे. लेखक घाई करीत नाही, म्हणून शेवटी खापरी हाती येते तेव्हा वाचक चकित होतो. सोन्यात माती ठेवणारी माणसे कोणत्या श्रद्धेची असतील, हा प्रश्न लेखकाने न विचारता आपल्या मनात उभा राहतो.

मात्र एका ठिकाणी पंडितांचाही तोल सुटला आहे. हे तुकडे गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचेच, असा निष्कर्ष ते काढतात. तसा लेख करंडकावर नाही. पुढच्या अभ्यासकांनी त्यातील मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या ठरविल्या. म्हणजे नाण्याचा काळ आणि मूर्तींचा काळ ह्यांत कित्येक शतकांचे अंतर आहे आणि करंडक मध्यंतरी उघडला गेला असावा. पंडितांचा मोह आम्हाला समजतो, कारण तो आपलाही आहे. पवित्र वस्तू समोर आली की तिला नाव देण्याची आपल्याला घाई होते. तरी पुरावा त्यांनी इतका स्वच्छ मांडला की त्यांची चूक त्यांच्याच पानांवरून दुरुस्त करता येते. प्रामाणिक लेखनाची ह्याहून चांगली कसोटी आम्हाला ठाऊक नाही.

सोपाऱ्याच्या मातीत आपलेही एक दुःख आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी हुतात्मे झाले. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. त्यांचे सोबती, डोमिनिकन संघाचे फादर जॉर्दानुस, त्या वेळी पुढे गेले होते. त्यांनी परतून मृतदेह सोपाऱ्यात नेऊन पुरले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या बंधूंना पत्र लिहिले. काही काळाने आलेल्या ओडोरिक ह्या प्रवाशाने त्या अस्थी आपल्यासोबत चीनकडे नेल्याचे आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. म्हणजे एकाच गावच्या मातीने एका धर्माची खापरी जपली आणि दुसऱ्या धर्माच्या अस्थींना आसरा दिला. आपल्या लेखनात दुसरी कथा येते, पहिली येत नाही. ही उणीव माहितीची नव्हे, मनाची आहे.

सोपाऱ्यातच १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये आपल्या भुईगावात सापडला. आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या व मौजेच्या सफरी करीत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा करतो, असे अशोक सांगतो. धर्मयात्रा म्हणजे साधुसंतांना व वृद्धांना भेटणे, दान देणे, खेड्यापाड्यांतील माणसांशी बोलणे. आपल्या यात्रावर्णनांना ह्याहून नेमका निकष कोणता लावावा? चार पानांत भेटलेल्या एकाही माणसाचे बोलणे नसेल, तर ती सफर झाली, यात्रा नव्हे.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही त्या स्तूपाकडे गेलो. परतताना इस्टेटीतल्या रोड नंबर १६ वर बस वळली आणि एक गोष्ट ध्यानात आली. जिथे आमच्या वडिलांच्या पिढीने पाळ्या केल्या, त्यांतल्या किती कारखान्यांच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत! भोंगा किती वाजता होई, कोणत्या खात्यात कोणते यंत्र होते, डबा कुठे उघडत, हे सांगणारी माणसे आपल्या देवळात अजून शेवटच्या बाकांवर बसतात. त्यांच्यावर ‘गेले ते दिवस’ असा लेख लिहिणे सोपे आहे. त्याऐवजी कोणी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसावे, आणि भगवानलालांसारखे बाहेरून आत, एकेक थर उलगडत लिहावे. करिंथचा चौथरा थांबेल. दोन हजार वर्षे तो थांबलाच आहे. ही माणसे थांबणार नाहीत.