परभणीचा आकडा नेमका कुणाचा?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की 'परभणी जिल्ह्यातील देहविक्रय करणाऱ्या महिलांमध्ये सिफिलिसचं प्रमाण अमुक टक्के' असं वाक्य हातून आपोआप उतरतं. माझ्या हातूनही उतरलं. गाईडनी 'परभणी जिल्ह्यातील' या शब्दांभोवती लाल गोल केला आणि कागद परत दिला. तेव्हा कुठे मी मूळ पेपरातलं सॅम्पलिंग नीट वाचलं.

आकडा होता आयबीबीए सर्वेक्षणाचा. गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' कार्यक्रमासोबत आयसीएमआरच्या संस्थांनी केलेलं हे काम. पहिली फेरी 2005–07, दुसरी 2009–10. महाराष्ट्रातल्या निवडक जिल्ह्यांत मुंबई, पुण्याबरोबर आपली परभणीही होती. आधी याचं मोठेपण मान्य करू. गनोरिया आणि क्लॅमिडिया बायकांमध्ये बरेचदा लक्षणंच दाखवत नाहीत, म्हणजे 'काही त्रास आहे का?' विचारून मोजणी होत नाही. यांनी लघवीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत जंतूंचा जनुकीय अंश शोधला. आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे करणं सोपं नव्हतं.

अडचण यादीत आहे. रस्त्यावर, ढाब्यावर भेटणाऱ्या बायकांसाठी आधी 'ठिकाण आणि वेळ' अशा जोड्यांची यादी करतात आणि त्यातून चिठ्ठी काढावी तशी निवड होते. यादीत जे ठिकाण नाही, त्याची चिठ्ठीच नाही. आता मी राहते त्या ताडकळसचा विचार करा. इथे कुणी बाई अड्ड्यावर उभी राहणार नाही; सगळे एकमेकांना ओळखतात. ती एसटीने परभणीला जाईल, नाहीतर फोनवर ठरवेल. पहिली सापडू शकते, दुसरी नाही.

आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळातच मोबाईल हातोहाती आला! मग दुसऱ्या फेरीत प्रमाण कमी दिसलं, तर आजार कमी झाला की अड्ड्यावर येणाऱ्या बायका बदलल्या? कार्यक्रम नसलेला जिल्हा तुलनेला नसेल, तर हे वेगळं काढणं फार अवघड. मला वाटतं, चर्चेच्या भागात यावर एका ओळीपेक्षा जास्त लिहायला हवं.

माझं वाक्य आता असं आहे: 'परभणीतील नोंद झालेल्या ठिकाणी भेटलेल्या महिलांमध्ये'. लांबलंय, पण गाईडनी या वेळी गोल केला नाही.