उशिरा उच्चारलेले नाव

कथा-कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्यांना एक प्रसंग चांगलाच परिचयाचा असतो. संसार सुरळीत चालला आहे, पती-पत्नींची वाचकाला पुरती ओळख झाली आहे, कथा अर्ध्याहून पुढे सरकली आहे, आणि एकाएकी दारात, टपालात किंवा कोणाच्या तोंडी एक नाव उगवते. तो तिचा पूर्वीचा प्रियकर असतो, किंवा ती त्याची पूर्वीची प्रेयसी. तोवर लेखकाने या व्यक्तीचा एका अक्षरानेही उल्लेख केलेला नसतो. दूरचित्रवाणीवरील रोजच्या मालिकांत तर कथानकाचे चाक रुतले की हा पाहुणा हमखास हजर होतो. नवोदितांच्या ज्या कथा आमच्या वाचनात येतात, त्यांतही तो वारंवार भेटतो. त्याच्या येण्याने संसार मोडतो किंवा मोडता मोडता सावरतो. मग तो आला तसा निघून जातो आणि वाचकाच्या मनात त्याची आठवणही उरत नाही.

अशा कथा वाचून संपादक व समीक्षक सरसकट एकच शेरा मारतात : ‘हे पात्र आधी सूचित करावयास हवे होते.’ शेरा चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. ज्या कथेला विसाव्या शतकातील श्रेष्ठ कथांत मानाचे स्थान दिले जाते, त्या जेम्स जॉइस यांच्या ‘द डेड’ या दीर्घकथेत नेमके हेच घडते. ज्याच्यामुळे कथेला तिचा अर्थ लाभतो, त्या तरुणाचे नाव शेवटच्या काही पानांपर्यंत उच्चारलेच जात नाही. तरीही एकाही जाणत्या वाचकाला आपली फसगत झाल्यासारखे वाटत नाही. असे का, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जॉइस यांनी ही कथा १९०७ साली लिहिली आणि १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डब्लिनर्स’ या संग्रहातील पंधरा कथांत ती शेवटची व सर्वांत मोठी कथा ठरली. जॉइस यांचे शिक्षण येशूसंघीयांच्या शाळांत झाले. पुढे त्यांनी ख्रिस्तसभेशी फारकत घेतली. तथापि त्यांच्या कथांतील घरे, माणसे आणि त्यांची बोलणी यांवर कॅथलिक जीवनाचा ठसा कायम राहिला. ‘द डेड’मधील घर तर आपल्यापैकी अनेकांना शेजारचेच वाटावे असे आहे. नाताळच्या सणदिवसांत दोन वृद्ध अविवाहित बहिणी आपल्या भाचीच्या साथीने दरवर्षीप्रमाणे नृत्य व भोजनाचा समारंभ करतात. ही रात्र तीन राजांच्या सणाच्या आसपासची असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. जेवणाच्या टेबलावर गाणाऱ्यांच्या आवाजांची चर्चा चालते, शवपेटीत निजणाऱ्या मठवासीयांचा विषय निघतो, नेहमी पिऊन येणारा एक पाहुणा कसा सांभाळायचा याची काळजी असते. केट मावशींना एका गोष्टीचा राग आवरत नाही. ज्यूलिया मावशींनी आयुष्याची कित्येक वर्षे चर्चच्या गायनवृंदात घालविली, आणि आता पोपमहोदयांनी स्त्रियांना वृंदातून काढून त्यांच्या जागी मुलांना बसविले. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी धार्मिक संगीताविषयी काढलेल्या आदेशाचा हा संदर्भ आहे. आज आपल्या वृंदांतील बहुतेक स्वर स्त्रियांचेच असतात. त्यामुळे केट मावशींचा संताप वाचून आपल्या भगिनींना हसूही येईल आणि थोडे वाईटही वाटेल.

या समारंभाचा मानकरी म्हणजे मावश्यांचा लाडका भाचा गेब्रिएल कॉनरॉय. तो शिक्षक आहे, वृत्तपत्रात परीक्षणे लिहितो, हंस पक्ष्याचे भाजलेले मांस कापून वाढतो आणि आयरिश आदरातिथ्यावर भाषण करतो. त्याची पत्नी ग्रेटा देशाच्या पश्चिमेकडील गॉलवेची. समारंभ आटोपतो, पाहुणे निघू लागतात, वरच्या खोलीत कोणीतरी एक जुने लोकगीत गाऊ लागते. जिन्यात, अंधारात ग्रेटा स्तब्ध उभी राहून ते ऐकत असते. खालून तिच्याकडे पाहणाऱ्या गेब्रिएलला ती एखाद्या चित्रासारखी भासते, आणि त्या चित्राला नाव काय द्यावे याचाही तो विचार करतो. तिच्या डोळ्यांतील चमक आपल्यासाठीच आहे, आपल्या संसारातील गोड क्षण तिला आठवत आहेत, अशी त्याची समजूत होते. त्या रात्री मुक्कामाच्या हॉटेलात तो मोठ्या ओढीने तिच्याजवळ जातो आणि ती रडू लागते. ते गाणे कोणी एके काळी गात असे. मायकेल फ्युरी त्याचे नाव. गॉलवेतील गॅसच्या कारखान्यात काम करणारा, प्रकृतीने नाजूक मुलगा. ग्रेटा डब्लिनच्या मठात राहावयास निघाली, त्याच्या आदल्या रात्री आजारातून उठून तो भर पावसात तिच्या आजीच्या घरामागच्या बागेत येऊन उभा राहिला. आठवड्यानंतर तो वारला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

आता आपण पाने मागे उलटून पाहू. लेखकाने आधी काहीच सांगितले नव्हते काय? समारंभात एक सहकारी बाई गेब्रिएलला सुट्टीत पश्चिमेकडे येण्याचा आग्रह करते. ग्रेटाला हे कळताच ती आनंदाने हात जुळवून गॉलवे पुन्हा पाहण्याची इच्छा बोलून दाखविते. गेब्रिएल थंडपणे उत्तरतो की तिला हवे असेल तर तिने जावे. ग्रेटा मूळची कोठची, असे त्याला कोणी विचारले तर ती तेथली आहे असे न म्हणता तिच्या घरची माणसे तेथली आहेत, असे तो तुटकपणे सांगतो. पत्नीच्या गावाची त्याला लाज वाटते. त्याच्या आईने एकदा ग्रेटाला उद्देशून गावंढळपणावरून टोचून बोललेले त्याच्या मनात सलते. आणि त्याच आईच्या शेवटच्या दीर्घ आजारात ग्रेटानेच तिची सेवा केली, हेही त्याला आठवते. बर्फात भिजू नये म्हणून तो पत्नीला रबरी पादत्राणे घालावयास लावतो; तिला सोडले तर ती बर्फातून चालत घरी जाईल, अशी थट्टा तो करतो आणि मावश्या हसतात. पावसात भिजत उभा राहिलेला तो मुलगा भेटल्यावर या थट्टेचा सूर आपल्या कानाला वेगळा लागतो. खिडकीवर खडे फेकून त्या मुलाने ग्रेटाला खाली बोलाविले होते; कथेच्या शेवटी त्याच रीतीने बर्फ खिडकीच्या काचेवर हलकेच टकटक करते.

म्हणजे मायकेल फ्युरीचे नाव उशिरा आले, पण त्याची जागा पहिल्या पानापासून मोकळी ठेवलेली होती. चांगल्या आणि वाईट कथेतील फरक आमच्या मते येथे आहे. वाईट कथेत जुना प्रियकर आल्यावर पुढची पाने बदलतात. चांगल्या कथेत तो आल्यावर मागची पाने बदलतात. जेन ऑस्टिन यांनी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) या कादंबरीत हे कसब अधिक साध्या रीतीने वापरले आहे. एडवर्डच्या बोटातील अंगठीत केसांची बट दिसते. ती बहिणीची आहे असे तो सांगतो, आणि एलिनॉर मनातल्या मनात ती आपलीच मानून सुखावते. पुढे ल्यूसी स्टील येऊन आपला व एडवर्डचा चार वर्षांपासूनचा गुप्त वाङ्‌निश्चय एलिनॉरच्या कानावर घालते. ल्यूसीचे नाव नवे असते. अंगठी मात्र आपण आधीच पाहिलेली असते.

परंतु जॉइस यांची कथा केवळ या कसबामुळे मोठी ठरत नाही. ग्रेटाची हकिगत ऐकताना प्रथम गेब्रिएलला मत्सर वाटतो. त्या मुलाला भेटण्यासाठीच तुला गॉलवेला जावयाचे होते काय, असे तो उपरोधाने विचारतो. तो मेला, असे ती सांगते. हा उपरोध असा वाया गेल्यावर तो ओशाळतो, आरशातील आपल्याच प्रतिमेची त्याला लाज वाटते. ग्रेटा रडून रडून झोपी जाते. तो तिच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. ज्या चेहऱ्यासाठी त्या मुलाने मरण ओढवून घेतले तो हा नव्हे, हे त्याला उमगते. आणि आपण स्वतः कोणावरही असे प्रेम केले नाही, हेही. त्याच्या डोळ्यांत येणारे पाणी रागाचे नसते. मृत मुलाचा तो मनोमन स्वीकार करतो. गेब्रिएल आणि मायकेल ही दोन्ही देवदूतांची नावे आहेत, याकडे अनेक समीक्षकांनी लक्ष वेधले आहे. येथे निरोप सांगणारा गाब्रिएल नसून निरोप ऐकणारा गेब्रिएल आहे.

ग्रेटाने हे आधी का सांगितले नाही, असा प्रश्न वाचक विचारतो. आमच्या मते कथेचा खरा प्रश्न उलट दिशेचा आहे. गेब्रिएलने कधी विचारले होते काय? गॉलवे म्हणताच पत्नीचा चेहरा का उजळतो, हे जाणून घ्यावेसे त्याला कधी वाटले नाही. तिला तो सांभाळतो, जपतो, तिच्याकडे चित्रासारखे पाहतो. ऐकत मात्र नाही. कथेत न उच्चारलेले नाव हे न विचारलेल्या प्रश्नाचे माप आहे.

इब्सेन यांच्या १८८८ सालच्या ‘द लेडी फ्रॉम द सी’ या नाटकातही हेच सूत्र सापडते. डॉक्टर वांगेल यांची दुसरी पत्नी एलिडा हिने, आपले पूर्वी कोणावर तरी मन होते हे प्रामाणिकपणे सांगितलेले असते. तो मनुष्य म्हणजे मुलींचे जुने शिक्षक असावेत, असा डॉक्टरांचा ग्रह होतो आणि पत्नीचे मन रमावे म्हणून ते त्यांनाच घरी पाहुणे बोलावितात! प्रत्यक्षात तो एक खलाशी असतो. दोघांच्या अंगठ्या एकत्र करून त्याने समुद्रात फेकलेल्या असतात. तो परत येतो आणि एलिडाला न्यावयास उभा राहतो. अखेर डॉक्टर तिला पूर्ण मोकळीक देतात, आणि मोकळीक मिळताच ती राहण्याचा निर्णय घेते. उभयतांच्या संमतीने विवाह सिद्ध होतो व ती संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही, असे ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १०५७ वे कलम सांगते. इब्सेन यांच्यासमोर हे कलम नव्हते. तरी त्याचा आशय नाटकाच्या शेवटच्या अंकात जिवंत होऊन उभा राहतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शेखर कपूर यांच्या ‘मासूम’ (१९८३) या हिंदी चित्रपटातही पत्नीला न सांगितलेले एक प्रकरण समोर येते; पण तेथे पतीचा तो संबंध विवाहानंतरचा असतो आणि त्यातून झालेला मुलगा दारात उभा राहतो. तो विश्वासघात आहे आणि तेथे प्रश्न क्षमेचा आहे. ग्रेटाने कोणताच अपराध केलेला नाही. तेथे क्षमा करण्याजोगे काही नाही. आपल्याकडील अनेक कथालेखक या दोन गोष्टींची गल्लत करतात. विवाहापूर्वी मनात कोणी होते एवढ्यावरून स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात, मग तिला रडवितात, आणि शेवटी पतीकडून उदार अंतःकरणाने ‘क्षमा’ करवितात. अशा शेवटाला नैतिक म्हणणे आम्हांस कठीण वाटते. त्यात पतीचा मोठेपणा दिसतो. परंतु पत्नी पूर्वीइतकीच अनोळखी राहते.

‘द डेड’मध्येही एक उणीव आम्हांस जाणवते, ती नमूद करावयास हवी. ग्रेटा हकिगत सांगून झोपी जाते आणि पुढचे सर्व चिंतन गेब्रिएलचे आहे. जाग आल्यावर तिला काय वाटले, इतकी वर्षे गप्प राहण्यासाठी तिला काय करावे लागले, हे आपल्याला कळत नाही. जॉइस यांची पत्नी नोरा बार्नाकल ही गॉलवेची होती आणि तिच्या ओळखीचा एक तरुण अकाली वारला होता, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. जॉइस पुढे त्याच्या थडग्यापाशी जाऊनही आले. म्हणजे पतीने पत्नीची आठवण ऐकली व तिची अमर कथा केली. तरी ती कथा पतीच्याच बाजूने सांगितली गेली. त्या रात्रीची ग्रेटाची कथा कोणा लेखिकेने लिहावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

विवाहापूर्वी आपल्या चर्चमध्ये रविवारी घोषणा होते आणि काही अडथळा ठाऊक असल्यास कळवावे असे सांगितले जाते. मायकेल फ्युरी हा असा अडथळा नव्हे. त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून त्याची विचारपूस पतीनेच किंवा पत्नीनेच, आणि तीही प्रेमाने, करावयाची असते. सांगणे न सांगणे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. ऐकावयास तयार असणे हे मात्र दोघांचे कर्तव्य आहे. आमच्या नवोदित लेखकांना आमची एवढीच विनंती : जुना प्रियकर कथेत खुशाल आणा, उशिरा आणा, अगदी शेवटच्या पानावर आणा, पण तो येण्यापूर्वी घरात कोण कोणाला काय विचारीत नव्हते, ते आधी लिहा.

२ नोव्हेंबरला आपण सारे दफनभूमीत जातो, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. घरातील कोणी एखादी मेणबत्ती जास्तीची लावीत असेल आणि कोणासाठी ते सांगत नसेल, तर तिच्या ज्योतीपुढे हात धरून वारा अडवावा. नाव कधीतरी सांगितले जाईल. न सांगितले, तरी प्रार्थना पोहोचतेच.