स्क्रूज दार ठोठावतो

चार्लस डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही दीर्घकथा १८४३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि नाताळपूर्वीच तिच्या ६,००० प्रती खपल्या. चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांवर डिकन्सने १८४४ साली दावा लावला. दावा त्याने जिंकला. पण प्रतिवादींनी दिवाळे काढले आणि खर्चाचे सुमारे ७०० पौंड वादीच्याच माथी बसले. आमच्या व्यवसायबंधूंना या हकीकतीचे फारसे नवल वाटणार नाही.

कंजूष स्क्रूजला रात्री भुते भेटतात, त्याचे मन पालटते, आणि कारकून बॉब क्रॅचिट याच्या घरी तो भलामोठा टर्की पक्षी पाठवतो. वाचकांच्या स्मरणात बहुधा एवढेच उरते. मग ही निव्वळ औदार्याची कथा ठरते, आणि आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणाऱ्याचा प्रश्न एका पक्ष्याने कसा सुटावा, असा आक्षेप येतो. आक्षेप रास्त आहे. स्क्रूज दुसऱ्या दिवशी बॉबचा पगार वाढवतो खरा, परंतु तो केवळ मर्जीने. उद्या मर्जी फिरली तर बॉबला दाद मागायला जागा नाही.

तथापि कथेचे मर्म त्या पक्ष्यात आहे, असे आम्हाला वाटत नाही. तो तर स्क्रूजने पैसे मोजून, गाडी करून, निनावी धाडला. नाताळच्या दिवशी तो स्वतः जातो तो भाचा फ्रेड याच्या घरी. आणि ज्याने आयुष्यभर कोणाची गय केली नाही असा हा माणूस, दार ठोठावण्याचे धैर्य गोळा होईपर्यंत डझनभर वेळा त्या दारावरून येरझारा घालतो! अवघ्या एका वाक्याचा हा तपशील आम्हाला साऱ्या भुतावळीहून मोलाचा वाटतो.

या दाराचा धागा फार मागे गेला आहे. पहिल्या भुताने स्क्रूजला त्याची शाळा दाखवली होती. सुट्टीत बाकीची मुले घरी गेलेली आणि हा एकटाच मागे राहिलेला. अशाच एका नाताळात धाकटी बहीण फॅन त्याला घरी न्यायला धावत येते. फ्रेड हा त्या दिवंगत फॅनचा एकुलता मुलगा. दरसाल झिडकारला जाऊनही पुन्हा बोलावणे घेऊन येणारा हा भाचा म्हणजे आईचेच अपुरे राहिलेले काम चालवणारा आहे. पुढे दुसऱ्या भुतासोबत अदृश्यपणे त्याच्या घरी गेलेला म्हातारा तेथल्या पोरकट खेळांत रंगतो, कोणाला ऐकू जात नसतानाही उत्तरे ओरडून सांगतो, आणि आणखी अर्धा तास थांबू द्या म्हणून गयावया करतो. थडगे दाखवणारे भूत यायचे असते. मन त्याआधीच वळलेले आहे.

त्याच फेरीत दीपगृहातील दोन रखवालदार खडबडीत मेजावर हातात हात घेऊन एकमेकांना शुभेच्छा देतात. भर समुद्रात खलाशी सोबत्यापाशी हलक्या आवाजात मागल्या नाताळांच्या आठवणी काढतात. ज्या गोमंतकीय घरांनी तारवटी मुलांवाचून कित्येक नाताळ काढले, त्यांना हे पान कोणी उलगडून सांगायला नको.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. फ्रेडच्या घरी स्क्रूज पाच मिनिटांत घरचा होतो आणि ते जेवण डिकन्स चार ओळींत उरकून टाकतो. फॅनविषयी मामाने भाच्याजवळ त्या रात्री एखादा शब्द काढला की नाही, हे आम्हाला कळतच नाही.